साहेबाच्या होडीचा हातदांडा

उत्तम, दांडा वाळला. काल दुपारी उन्हं आली तेव्हा बोट लावून पाहिलं. बोट कोरडं आलं. मग तू करायचास तसा मनगटाचा आतला भाग लावून पाहिला, तोही कोरडा. तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि तुला सांगण्यासारखी पहिली बातमी ही आहे.

तुझ्याविषयी लिहा असं मला दोघांतिघांनी सांगितलं. शाळेतले जुने सहकारी, तुझ्या वर्कशॉपातले एक-दोघं. त्यांना हवं असलेलं मी लिहू शकतो. वालूरच्या शाळेतला एकच बाक, तुझं आयटीआय, धरणाच्या वर्कशॉपातली तुझी नोकरी, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! तू? रंधा मागायला आलेल्या माणसाला तू दारातूनच परत लावायचास. 'बायको माग, रंधा मागू नको' म्हणायचास आणि वर घरातून वहिनी ऐकत असायच्या. बिचाऱ्या त्याही गेल्या. तर तसलं काही मी लिहिणार नाही. मला तुझ्याशी एका डब्याविषयी बोलायचं आहे. तेलाच्या.

पण आधी होडीचं. लोकांना वाटतं होडी घ्यायचं खूळ माझं होतं. अर्धं तुझं होतं, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय. येलदरीला वर्कशॉपच्या शेडमध्ये ती वीस-पंचवीस वर्षं पालथी पडून होती. कुणी एक कोकणातला साहेब इथं बदलून आला, समुद्राची आठवण यायची म्हणून त्यानं शिडाची होडी करून आणवली, आणि पुढची बदली झाली तेव्हा टाकून गेला. 'साहेबाची होडी' हेच तिचं नाव पडलं. तू नोकरीभर तिच्या कडेनं जा-ये केलीस. भंगारात काढायची ठरली तेव्हा तुझा मला सेलूला फोन आला. "मास्तर, सागवान हाय रे अख्खं. चुलीत घालतेल ही लोकं. तू घे." मी म्हटलं, मी घेऊन काय करू, मला पोहताही येत नाही. तू म्हणालास, "मला तरी कुठं येतंय? पान्यात पडायचं न्हाई, वर बसायचं हाय."

मी शास्त्राचा मास्तर. तीस वर्षं पोरांना फळ्यावर वारा, दाब, बल असले बाण काढून दाखवले. निवृत्त झाल्यावर वाऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग करून पाहावा असं वाटलं असेल. घेतली. तुझ्या घरामागच्या उतारावर आणून ठेवली आणि पहिलं वर्ष तळ दुरुस्त करण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी पाण्यात घातली, तर ती गोल गोल फिरायला लागली. काठावर जाळी सुकवत बसलेले भोई पोट धरून हसत होते. "सर, घान्याचा बैल आनलाव का?" त्यातला एक म्हातारा शेवटी वैतागून आमच्यासोबत येऊन बसला आणि वारा कुठून घ्यायचा ते त्यानं हाताला धरून दाखवलं. माझे फळ्यावरचे सगळे बाण बरोबर होते, फक्त होडीत त्यांचा उपयोग होत नव्हता.

मग तो एक दिवस. तुला आठवत असणारच. फाल्गुन असेल, पाणी खाली गेलं होतं पण मधे भरपूर होतं. शीड भरलं आणि होडी सरळ निघाली. आवाज नाही, धूर नाही, नुसती निघाली. तू दांडा धरून बसला होतास. सुकाणू फिरवायचा तो लाकडी हातदांडा, टोकाला गुळगुळीत झालेला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तू हातानंच गप्प केलंस. खूप वेळानं म्हणालास, "लाकूड बोलायलंय, मास्तर. हातात कळायलंय." सत्तरीला टेकलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एवढं सुखी असणं बरं नव्हे, असं माझ्या मनात आलं. त्या एका दुपारसाठी मी तुझा ऋणी आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, 'ऋण-बिन राहू दे, चहा सांग.'

तळ झाला, शीड झालं, राहिलं ते वरचं लाकूड. पुढच्या खणाचं झाकण, दोन्ही कडांच्या पट्ट्या, दोर गुंडाळायच्या खुंट्या आणि हा दांडा. सगळं सागवान, पण उन्हापावसानं राखाडी पडलेलं, आणि त्यावर साहेबाच्या काळच्या व्हार्निशचे पापुद्रे. मागच्या दिवाळीनंतर आपण ते खरवडायला घेतलं. तू पत्रा वापरू दिला नाहीस, पॉलिश पेपर तर नाहीच नाही. फुटक्या काचेचा तुकडा. काचेनं सागाचा पातळ भुगा निघायचा आणि खालून लाकूड मधाच्या रंगाचं दिसायचं. माझी बोटं कापली. तू म्हणालास, "रगत लावू नको, डाग पडतो."

आणि मग आपलं भांडण सुरू झालं. व्हार्निश की तेल. मी मुंबईहून होडीचं व्हार्निश मागवायचं म्हणत होतो, माहिती काढून ठेवली होती. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "व्हार्निश म्हंजे लाकडाला रेनकोट. वरून चकाचक, आतून घाम. एकदा चीर पडली की पानी आत आनि बाहेर यायला वाट न्हाई. लाकडाला प्यायला द्यावं." प्यायला म्हणजे जवसाचं तेल, कढवलेलं. मी तुला सूर्यकिरणांपासून संरक्षणावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तू मधेच उठून गेलास आणि तुझ्या दाराची चौकट दाखवलीस. तीस वर्षांची, पश्चिमेला तोंड, दर वर्षी एकदा जवस. मी तरी म्हणालो, चौकट काही पाण्यात नसते. तू म्हणालास, "मानूस तरी कुठं असतो, तरी भिजतोच." त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुझी काही वाक्यं नुसती ऐटीत असायची.

चौकटीवरून निघालं म्हणून सांगतो. सेलूला आमचं घर बांधलं तेव्हा कपाटं, टेबल, मांडणी सगळं तू केलंस, आणि दाराची चौकट बसवायला माझ्या वडिलांनी गावाकडून सुतार बोलावला. तू तिथंच होतास. रंधा थांबवला नाहीस. सुतारकी शिकलेल्या बौद्धाच्या हातचं टेबल चालायचं, चौकट चालायची नाही, कारण चौकटीची पूजा असते. मी तेव्हा नोकरीला लागलेला, चांगला कमावता माणूस होतो. एक शब्द बोललो नाही. तूही कधी विषय काढला नाहीस. तुला उभ्या आयुष्यात जे मिळालं ते हाताच्या सफाईवर मिळालं. दुसऱ्याला एक चूक माफ असते, तुला ती सवलत नव्हती. हे मला चांगलं ठाऊक होतं, म्हणून पुढचं जास्त वाईट आहे.

कोरोनातून तू उठलास पण तुझं नाक गेलं ते गेलंच. घरी सगळ्यांना ते भाजी जळण्यापुरतं माहीत होतं. कामात तुझं अर्धं काम नाक करायचं, हे मला एकट्याला सांगितलं होतंस. लाकूड ओलं की वाळलेलं, सरस नासला की ठीक, तेल कढलं की नाही. "कढताना वास बदलतो, तवा उतरायचं. मला आता कळंना गेलंय," असं म्हणालास, आणि मग हसून, "माझे हात, तुझं नाक. जमलं का?" मी म्हटलं, जमलं. एवढा मान मला शाळेनंही दिला नव्हता.

तेल आणायचं माझ्याकडं होतं. सेलूच्या तेलवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, "सर, नवं जवस फागुनात येतंय. जुनं तळाला थोडंच राह्यलंय. सरकीचं घालून डबा भरून देतो, तेल ते तेलच की." मी शास्त्राचा मास्तर आहे, उत्तम. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं आणि सरकीचं धड होत नाही, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. मी म्हणालो, भरा. का म्हणालो? जिंतूरची बस चुकली असती. सव्वीस जानेवारीला होडी परत पाण्यात घालायची म्हणून पाहुण्यांना बोलावून बसलो होतो. आणि खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात असंही होतं की बिघडलं तर बिघडू दे, मग व्हार्निश येईल. ते तिसरं कारण मी स्वतःलाही गेल्या महिन्यातच कबूल केलं.

तू तीन दगडांवर पातेलं ठेवलंस. डबा ओतताना थांबलास. "रंग काळपट दिसायलाय." मी म्हटलं, घाण्याचं आहे, गाळ असेल. तू मंद जाळ घातलास. निंबाचं पान बुडवून ते कुरकुरीत होतंय का ते पाहत होतास, पण पानावर तुझा भरवसा नव्हता, दर थोड्या वेळानं माझ्याकडं बघायचास. "बदलला का वास?" मी वाकून वास घेतला. पातेल्याला चक्क भज्यांचा वास येत होता. स्टँडवरच्या हॉटेलात येतो तो. मी म्हटलं, "बदलला. बरोबर आहे."

तू पातेलं उतरवलंस.

पुढचं तुला माहीत आहे, फक्त कारण माहीत नव्हतं. मऊ फडक्यानं तू दोन हात दिलेस. कडेच्या पट्ट्यांना, खुंट्यांना, झाकणाला, दांड्याला. दिसायला फार सुंदर दिसत होतं. चार दिवसांनी तुझा फोन. "मास्तर, वाळंना गेलंय." मी म्हटलं थंडी आहे. आठ दिवसांनी परत. "चिकट लागायलंय रे. असं कधी झालं न्हाई." मी म्हटलं धरणाकाठची हवा दमट असते. प्रत्येक वेळी मी तुला एक शास्त्रीय कारण दिलं आणि प्रत्येक वेळी तू ते ऐकून घेतलंस. होडी पाण्यात घालायचं पुढं ढकलू म्हणालास तर मी म्हटलं पाहुणे येणार आहेत. "मंग झाकनावर पोतं टाकून ठिवतो. कोनी बसंल." टाकलंस. आणि सव्वीस तारखेला सकाळी ते पोतं मी काढलं, कारण फोटोत घाण दिसत होतं.

आमचे मेहुणे व्यंकटराव. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा पायजमा. त्यांना होडीत बसायची भीती वाटत होती आणि ती दाखवायची नव्हती, म्हणून ते सगळ्यात आधी चढले आणि ऐटीत झाकणावर बसले. भाषण केल्यासारखं काहीतरी बोलले. उठायला गेले तर झाकणानं सोडेना. चर्रर्र आवाज झाला आणि मागं तपकिरी चौकोन उमटला, वर पायजम्याच्या सुताचे तंतू झाकणावर. भोई हसले, बायका पदर लावून हसल्या, मीसुद्धा हसलो. तूही हसणारच होतास. तेवढ्यात व्यंकटराव म्हणाले, "म्हणून म्हणतात, शेवटी जातीचा सुतार तो जातीचा सुतार."

हसणं थांबलं. तू व्यंकटरावांकडं पाहिलं नाहीस. माझ्याकडं पाहिलंस. तुझं पाहणं रागाचं नव्हतं, तेच अवघड आहे. पातेल्याजवळ बसून पाहायचास तसंच पाहत होतास, विचारल्यासारखं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ द्या हो भाऊजी. वय झालं त्याचं आता. हात थकले."

गप्प बसलो असतो तरी बरं झालं असतं. गप्प बसण्याचा माझा सराव जुना आहे.

त्या दिवशी होडी पाण्यात गेली. तू आला नाहीस. सुकाणूचा दांडा तूच काढून घेतलास, "घासून नीट करतो" म्हणालास, आणि आम्ही वल्ह्यानं कडेकडेनं फिरून आलो. त्यानंतर आपण फोनवर बोलत राहिलो, हवापाणी, पेन्शन, तुझी शुगर. भांडलो नाही. भांडलो असतो तर बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून निघालंही असतं. चैत्रात कळलं की तू रंधे, पटाश्या, करवती सगळ्यांना तेल लावून, वहिनींच्या जुन्या लुगड्यात बांधून लेकीकडं, सुजाताकडं जिंतूरला नेऊन दिल्यास. "विक नाहीतर ठिव. मला आता लागायची न्हाईत." सुजातानं मला फोन करून विचारलं, "काका, बाबाला काय झालंय? तुमाला काही बोलले का?" मी म्हटलं, नाही गं, वय झालं की होतं असं. दुसऱ्यांदा तेच वाक्य. मला ते फार सोपं जायला लागलं होतं.

मी सांगणार होतो. हे प्रत्येक जण म्हणतो, मीही म्हणतो. पोळ्याला येईन तेव्हा सांगेन असं ठरवलं होतं. मनात वाक्यंही जुळवली होती. तू आधी चार शिव्या देशील, मग विचारशील, 'भज्याचा वास? खरंच?' आणि हसायला लागशील, इथपर्यंत मी पाहिलं होतं. तू श्रावणातच गेलास. सकाळी चहा पिऊन अंगणात बसलेला, तसाच. डॉक्टरांनी हृदय सांगितलं.

पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. वंदना झाली. तुझ्या फोटोशेजारी मेणबत्त्या, सगळे पांढऱ्या कपड्यांत. एकेक जण उठून बोलला. वर्कशॉपातला तुझा एक जोडीदार म्हणाला, धरणाच्या कॉलनीत एक खिडकी अशी नाही जिला उत्तमचा हात लागला नाही. सुजाता माझ्याकडं येऊन म्हणाली, "काका, दोन शबूद बोला." मी उठलो. हीच ती जागा होती, हीच वेळ होती, ज्यांनी ऐकायला हवं ते समोर बसले होते. मी वालूरच्या बाकाविषयी बोललो. तू माझ्या वहीत गणितं उतरवायचास आणि मी तुझ्या वहीत चित्रं, असलं. लोकांना आवडलं. मी बसलो तेव्हा एकानं मला पाणी दिलं, त्याला वाटलं दुःख आहे. दुःख होतं, पण तेवढंच नव्हतं.

निघताना सुजातानं फडक्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी आणून दिलं. दांडा. "हा बाबाकडं राह्यला होता. तुमच्या होडीचा हाय ना?" मी फडकं सोडलं. अर्ध्यापर्यंत तू काचेनं खरवडून स्वच्छ केला होतास, मधाच्या रंगाचा. उरलेला अर्धा तसाच, चिकट, त्यावर धूळ बसून काळा झालेला. सुजाता म्हणाली, "मी येलदरीला आले की दिसायचं, रोज सकाळी काढून बसायचे. थोडंसं घासायचे, बोट लावायचे, बघत बसायचे. म्हनायचे, कळंना गेलंय, कुठं चुकलं. मी म्हनलं सोडून द्या ना बाबा, काहून जिवाला लावून घेता. तर म्हने, चूक सापडली की सोडतो."

सहा महिने, उत्तम. सहा महिने तू तुझ्या हातात चूक शोधत होतास.

मी घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर व्यंकटरावांना फोन. सगळं सांगितलं. तेल, सरकी, पातेलं, भजी. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि तुम्ही जे बोललात ते बोलायला नको होतं, असंही म्हटलं, आवाज चढवून म्हटलं. ते म्हणाले, "कसलं झाकण?" मी परत सांगितलं. "असं बोललो होतो मी? आठवत नाही बुवा. पायजमा मात्र गेला तो गेलाच." मग त्यांनी सोयाबीनवर पडलेल्या अळीचं विचारलं. तुला जे सहा महिने पुरलं ते त्या माणसाला घरी पोहोचेपर्यंतही पुरलं नव्हतं.

मग दांडा घेतला. उरलेला अर्धा. काच फोडली, जुन्या कंदिलाची, तुझ्या मते तीच बरी. माझा हात तुझ्यासारखा नाही, दोन ठिकाणी खोल गेलं. तुझा भाग कुठं संपतो आणि माझा कुठं सुरू होतो ते आंधळ्यालाही कळेल. जवस आता मिळतं. तेलवाल्यासमोर उभं राहून घाणा धुऊन घ्यायला लावला आणि डबा भरेपर्यंत हललो नाही. तो म्हणाला, "सर, औषधाला पायजे का?" मी हो म्हटलं. अंगणात तीन दगड मांडले. निंबाचं पान बुडवलं. वास आधी मातकट येतो, भिजलेल्या पोत्यासारखा, मग एकदम बदलतो, घशाला लागतो. इतका स्पष्ट बदलतो की चुकायची सोयच नाही. मी पहिल्यांदाच तो वास नीट घेतला. पावसाळ्यामुळं एकेक हात वाळायला वेळ लागला. पाऊस आला की आत, उन्हं आली की बाहेर, घरातली माणसं वेड्यात काढायला लागली. तीन हात दिले. पातळ, फडक्यानं, तू सांगितलं होतंस तसे. व्हार्निशचा विषय संपला, तू जिंकलास. हेही तुला सांगायचं राहिलं होतं.

काल बोट कोरडं आलं. आज सकाळच्या बसनं जिंतूरला सुजाताकडं गेलो.

रविवार होता, ती घरी होती. तुझी हत्यारं तिनं विकलेली नाहीत. दिवाणाखाली त्याच लुगड्यात आहेत. तिनं चहा ठेवला. मी म्हटलं, आधी ऐक. आणि सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता, बस चुकली असती ते कारणही आणि व्हार्निशचं कारणही. व्यंकटरावांचं वाक्य सांगितलं आणि माझं वाक्य सांगितलं. चहा उतू गेला. तिनं उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. मला वाटलं रडेल, किंवा हाकलून देईल. हाकलून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, एवढं मला माझं कळतं.

मग म्हणाली, "बाबाला सांगायचं होतं हे, काका. मला सांगून काय उपयोग?"

मी म्हटलं, काहीच नाही.

"मला वाटायचं त्यांचं डोस्कं फिरलंय. मी चिडायचे त्यांच्यावर. घेऊन बसतेत ते लाकूड म्हून." ती पदराशी चाळा करत होती. "मीबी म्हनले एकदा, थकलाव आता तुमी."

ते वाक्य तिच्या घरात कुठून आलं होतं हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

मी फडकं सोडून दांडा तिच्यापुढं ठेवला. होडीला मी नवा करून घेईन, हा तुझ्याकडं राहू दे, असं म्हणालो. तिनं तो मांडीवर घेतला. तुझ्या बाजूवर बोट फिरवलं, मग माझ्या बाजूवर, माझे दोन खड्डे लागले तिथं थांबली. विचारलं, "आता कोनतं तेल लावलंय?"

"जवस. चोख जवस. समोर उभं राहून काढून घेतलं, घाणा धुवायला लावला मी त्याला..."

मी बोलतच होतो. तिनं माझं पुरतं ऐकून घेतलं नाही. दांडा उचलून नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वास घेत गेली. परत मागं आली. मग खाली ठेवला.

"हां," म्हणाली, "जवसच हाय."

तिनं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला नाही, उत्तम. तिनं बरोबर केलं. तुलाही तेवढंच करायचं होतं, आणि तेवढंच तुला करता येत नव्हतं, म्हणून तर तू मला विचारलं होतंस.